दुर्बिणीला आकाश कसे कळते?

संगणकावर चालणारी दुर्बीण आता काही शाळांत, विज्ञान केंद्रांत आणि हौशी आकाशनिरीक्षकांच्या गच्चीवर दिसू लागली आहे. हातातल्या हँडसेटवर ‘सॅटर्न’ हे नाव निवडायचे आणि कळ दाबायची. मोटारींची घरघर ऐकू येते, नळी आपोआप वळते, वर उचलली जाते आणि थांबते. नेत्रिकेला डोळा लावला की कडे ल्यालेला शनी समोर! अशा वेळी रांगेतले एखादे मूल हमखास विचारते, “पण हिला कसे कळले, शनी कुठे आहे ते?”

हा प्रश्न मोलाचा आहे. ‘आत संगणक आहे’ एवढे सांगून तो मिटवला, तर मुलाच्या हाती काही लागत नाही. शिवाय ज्या दिवशी कळ दाबूनही शनी येत नाही, त्या दिवशी शिक्षकांच्याही हाती काही राहत नाही. मग ‘दुर्बीण बिघडली’ असे म्हणून महागडे उपकरण कपाटात जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. दुर्बिणीला जे सांगायला हवे होते, ते सांगायचे राहिलेले असते.

कारण, खरे सांगायचे तर, या दुर्बिणीला काहीच दिसत नाही. साध्या प्रकारच्या यंत्रात भिंगे-आरसे आपल्या डोळ्यासाठी असतात, संगणकासाठी नव्हे. संगणकाजवळ असतात फक्त चार गोष्टी: एक घड्याळ, तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश, ताऱ्यांच्या पत्त्यांची यादी आणि मोटारी किती फिरल्या याची मोजदाद. बाकी सगळा हिशेब. आणि तो हिशेब जिथून सुरू होतो ते पहिले दोन तारे माणसानेच ओळखून दाखवावे लागतात. तो हिशेब कसा होतो, ते या लेखात पाहू.

निसटणारे आकाश

आधी या खटाटोपाची गरज का, ते बघू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश सरकते. चंद्राचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे. म्हणजे चंद्र स्वतःच्या रुंदीइतका सरकायला दोन मिनिटे घेतो. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही. दुर्बिणीतून मात्र फार जाणवते.

समजा, दुर्बिणीचे नाभीय अंतर १२५० मिलिमीटर आहे आणि नेत्रिकेचे १० मिलिमीटर. वस्तू १२५ पट मोठी दिसेल. नेत्रिकेचे स्वतःचे क्षेत्र ५० अंशांचे असेल, तर आकाशाचा प्रत्यक्ष दिसणारा तुकडा ५० भागिले १२५, म्हणजे ०.४ अंश रुंदीचा. याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. मधोमध आणलेला ग्रह या क्षेत्राच्या कडेबाहेर जायला साधारण ४८ सेकंद लागतात. साठ मुलांची रांग असेल आणि प्रत्येकाने अर्धा मिनिट पाहिले, तरी अर्धा तास जातो. दर दुसऱ्या मुलामागे कुणीतरी दुर्बीण पुन्हा नेमून द्यावी लागते. शेवटच्या मुलाला कित्येकदा काळे आकाशच दिसते, आणि ‘दिसला का?’ या प्रश्नाला ते संकोचाने ‘हो’ म्हणते.

शोधण्याची अडचण वेगळीच. ०.४ अंशाच्या वर्तुळाने क्षितिजावरचे सगळे आकाश झाकायचे म्हटले, तर अशी दीड लाखाहून अधिक वर्तुळे लागतील. शनी, गुरू तेजस्वी असल्याने शोधक दुर्बिणीतून सापडतात. पण मेसिएच्या यादीतल्या ११० वस्तूंपैकी बऱ्याचशा शहराच्या उजेडात शोधक दुर्बिणीतही दिसत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायचे, तर पत्ता हवा.

ताऱ्याचे दोन पत्ते

ताऱ्याला दोन पत्ते असतात. एक कायमचा आणि एक आत्तापुरता.

कायमचा पत्ता खगोलावरचा. पृथ्वीवरच्या गावाला जसे रेखांश आणि अक्षांश, तसे ताऱ्याला विषुवांश आणि क्रांती. क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेले अंतर, अंशांत. विषुवांश वसंतसंपातापासून पूर्वेकडे मोजतात आणि तो तासांत सांगतात. २४ तास म्हणजे पूर्ण फेरा. रोहिणी ताऱ्याचा विषुवांश ४ तास ३६ मिनिटे आणि क्रांती उत्तर १६.५ अंश आहे. हा पत्ता पुण्यातही तोच आणि न्यूयॉर्कमध्येही तोच.

आत्तापुरता पत्ता मात्र पाहणाऱ्याचा. ‘उत्तरेपासून पूर्वेकडे इतके अंश वळ आणि क्षितिजापासून इतके अंश वर बघ.’ पहिल्या आकड्याला दिगंश म्हणतात, दुसऱ्याला उन्नतांश. हा पत्ता गावागणिक वेगळा आणि क्षणाक्षणाला बदलणारा. दुर्बिणीच्या मोटारींना कळतो तो हाच, कारण एक मोटार आडवी फिरवते आणि दुसरी उभी उचलते.

म्हणजे संगणकाचे मुख्य काम पहिल्या पत्त्यावरून दुसरा काढण्याचे. त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात: आपण पृथ्वीवर कुठे आहोत, आणि पृथ्वी या क्षणी किती फिरली आहे. पहिली गोष्ट अक्षांश-रेखांश सांगतात. दुसरी तारीख आणि वेळ सांगतात. त्यांवरून संगणक त्या जागेचा नाक्षत्र काल काढतो. या क्षणी ज्या विषुवांशाचे तारे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या याम्योत्तर वृत्तावर आहेत, तो विषुवांश म्हणजेच नाक्षत्र काल.

एक उदाहरण करून पाहू. १ फेब्रुवारीला रात्री ८ वाजता पुण्याचा नाक्षत्र काल सुमारे ४ तास १२ मिनिटे असतो. रोहिणीचा विषुवांश ४ तास ३६ मिनिटे, म्हणून ती सुमारे २४ मिनिटांनी, ८ वाजून २५ मिनिटांच्या आसपास, याम्योत्तर वृत्तावर येईल. नागपूर पुण्याच्या पूर्वेला सव्वापाच अंश आहे. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणून नागपुरात ती २१ मिनिटे आधीच तिथे पोचलेली असेल. दोन्हीकडे मनगटावरची वेळ एकच, आकाश मात्र वेगळे. गावाची माहिती का द्यावी लागते, ते यावरून कळते.

आता त्याच रात्री पुण्यात ११ वाजून २५ मिनिटांनी रोहिणी कुठे असेल? याम्योत्तर ओलांडून तिला तीन तास झाले, म्हणजे ४५ अंश. या कोनाला होराकोन म्हणतात. सूत्र असे:

उन्नतांशाची साइन = (अक्षांशाची साइन × क्रांतीची साइन) + (अक्षांशाची कोसाइन × क्रांतीची कोसाइन × होराकोनाची कोसाइन)

पुण्याचा अक्षांश १८.५ अंश. आकडे घातले की पहिला गुणाकार ०.०९० येतो, दुसरा ०.६४३. बेरीज ०.७३३. ज्याची साइन ०.७३३ तो कोन सुमारे ४७ अंश. अशाच दुसऱ्या सूत्राने दिगंश सुमारे २७५ अंश येतो, म्हणजे जवळजवळ नेमकी पश्चिम. झाले उत्तर: पश्चिमेला तोंड करा आणि क्षितिज व डोक्यावरचा बिंदू यांच्या निम्म्याहून किंचित वर पाहा. दहावीच्या मुलांना गणकयंत्रावर हे करायला पाच मिनिटे लागतात. दुर्बिणीतला संगणक तेच सेकंदात अनेकदा करतो.

यात काही बारकावेही आहेत. यादीतले पत्ते बहुधा इ.स. २००० चे असतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने वसंतसंपात सरकतो आणि २५ वर्षांत ताऱ्यांचे पत्ते सुमारे २१ कलांपर्यंत बदलतात. ६० कलांचा एक अंश. आपले दृष्टिक्षेत्र २४ कलांचे. दुरुस्ती केली नाही, तर तारा क्षेत्राबाहेर पडेल. क्षितिजाजवळ हवेतील वक्रीभवनामुळे तारा सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो, तोही हिशेबात धरावा लागतो. ग्रहांना आणि चंद्राला तर कायमचा पत्ताच नाही. त्यांची जागा तारखेवरून दर वेळी नव्याने काढावी लागते.

बैठकीची गोष्ट

आकाशामागे धावण्याची कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. १८२४ साली जर्मन भिंगतज्ज्ञ फ्राउनहोफर यांनी दोरपात (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी केलेली दुर्बीण घड्याळासारख्या यंत्रावर चालत असे. तिची बैठक विषुववृत्तीय होती. म्हणजे एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला. मग ताऱ्यामागे जायला त्या एका अक्षाभोवती एकाच वेगाने फिरणे पुरते. हिशेब करावा लागत नाही, चावी दिली की झाले.

आपल्याकडे मात्र या बैठकीची एक पंचाईत आहे. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच उंच दिसतो. पुण्यात सुमारे साडेअठरा अंश, कोल्हापुरात त्याहून कमी. तो झाडांमागे, इमारतींमागे किंवा क्षितिजाजवळच्या धुरक्यात दडलेला असतो. शाळेच्या मैदानावर दर वेळी अक्ष त्याच्याकडे रोखणे हे कष्टाचे काम आहे.

दुसरी बैठक साधी: एक अक्ष उभा, एक आडवा, तोफेच्या गाड्यासारखी. तिला ध्रुवतारा लागत नाही. पण तारा पूर्वेकडून तिरका चढतो, वळतो आणि उतरतो. त्याच्यामागे जायला दोन्ही अक्ष एकाच वेळी आणि सतत बदलत्या वेगाने फिरवावे लागतात. हे घड्याळाच्या यंत्राला झेपत नाही. संगणक आला आणि ते जमले. सोव्हिएत रशियात कॉकेशस पर्वतात १९७५ साली सुरू झालेली ६ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण अशाच बैठकीवर आहे. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथील आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीणही तशीच. ती २००६ साली राष्ट्राला अर्पण झाली. हौशी निरीक्षकांच्या हाती हे तंत्र १९९० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर आले. मीड या अमेरिकी कंपनीची १९९२ सालची एलएक्स-२०० ही त्यांतली एक प्रसिद्ध दुर्बीण.

या बैठकीचेही एक दुखणे आहे, आणि महाराष्ट्रात ते हमखास भेटते. डोक्यावरच्या बिंदूजवळून जाणारा तारा दिशा फार झपाट्याने बदलतो. रोहिणीची क्रांती आपल्या अक्षांशाच्या जवळपास असल्याने ती पुण्यात डोक्यावरच्या बिंदूपासून अवघ्या २ अंशांवरून जाते. त्या अर्ध्या तासात तिचा दिगंश सुमारे १२० अंशांनी बदलतो. ऐन माथ्यावर असताना आडव्या मोटारीला मिनिटाला सुमारे ७ अंश फिरावे लागते. एरवी हा वेग पाव अंशाच्या आसपास असतो. म्हणून माथ्यावरची वस्तू तासभर आधी किंवा नंतर दाखवावी.

चेंडू आणि दोन सुया

आता मुख्य मुद्दा. संगणकाने सांगितले, ‘दिगंश २७५, उन्नतांश ४७.’ पण दुर्बिणीला उत्तर दिशा कुठे ठाऊक आहे? तिपाई मैदानावर कशीही ठेवलेली असते. तिची नळी आणि आकाश यांची गाठ घालून द्यावी लागते. तिला जुळणी म्हणू.

वर्गात एक चेंडू घ्या. हा खगोल. त्यात एक सुई टोचा आणि ती बोटांत धरा. चेंडू अजून त्या सुईभोवती गरगर फिरू शकतो. आता दुसऱ्या जागी दुसरी सुई टोचून तीही पक्की धरा. चेंडू जागच्या जागी थांबला. एक तारा दाखवला की आकाशाची एक मोकळीक उरते. दुसरा दाखवला की सगळे आकाश पक्के बसते. म्हणून दोन तारे.

हाच प्रयोग पुढे न्या. दोन्ही सुया अगदी जवळजवळ टोचल्या, तर चेंडू डुगडुगतो. एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध बाजूंना टोचल्या, तर दोन्ही मिळून एकच आस होते आणि चेंडू पुन्हा फिरतो. म्हणून जुळणीचे तारे एकमेकांपासून साधारण ४० ते १२० अंश दूर असावेत. ते फार खाली नसावेत, कारण तिथे वक्रीभवन. फार माथ्यावरही नसावेत, कारण तिथे दिगंश भरवशाचा नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री ८ वाजता आग्नेयेचा व्याध आणि ईशान्येचा ब्रह्महृदय ही जोडी चांगली. त्यांच्यात सुमारे ६६ अंशांचे अंतर आहे. मेच्या मध्यावर रात्री ९ वाजता पूर्वेचा स्वाती आणि पश्चिमेची मघा घ्या. त्यांच्यात ६० अंश आहेत.

हँडसेटवर नावे परदेशी असतात, त्यामुळे ओळखीचे तारे अनोळखी वाटतात. ही यादी टिपून हँडसेटला चिकटवून ठेवावी: सिरियस म्हणजे व्याध, कॅनोपस अगस्त्य, आल्डेबरन रोहिणी, कॅपेला ब्रह्महृदय, बीटलज्यूस काक्षी, रायजेल राजन्य, प्रोसियन प्रश्वा, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्टुरस स्वाती, अँटारेस ज्येष्ठा, व्हेगा अभिजित आणि अल्टेअर श्रवण.

तुम्ही दाखवलेला तारा खरा की चुकीचा, हे संगणक पडताळू शकतो का? थोडेसे. दोन ताऱ्यांमधले अंतर त्याला यादीवरून माहीत असते. नळी एकापासून दुसऱ्यापर्यंत किती फिरली ते तो मोजतो आणि दोन्ही आकडे ताडून पाहतो. फरक मोठा असेल, तर ‘जुळणी झाली नाही’ असे कळवतो. पण या पडताळणीलाही मर्यादा आहे. हिवाळ्यात व्याध, प्रश्वा आणि काक्षी यांचा त्रिकोण पाहा. त्याच्या बाजू सुमारे २६, २६ आणि २७ अंश आहेत, म्हणजे जवळजवळ समभुज. या तिघांत अदलाबदल झाली, तर नुसत्या अंतरावरून संगणकाला ती फारशी ओळखता येणार नाही. तो विश्वास ठेवेल, आणि पुढे रात्रभर चुकीचे आकाश दाखवत राहील. तारा ओळखण्याची जबाबदारी शेवटी आपलीच.

मोटार किती फिरली?

मोजदाद करणाऱ्या भागाला एन्कोडर म्हणतात. मोटारीच्या दांड्यावर बारीक खाचांची चकती असते. एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग. चकती फिरली की प्रकाश खाचेतून येतो-जातो आणि तेवढ्या टिचक्या मोजल्या जातात. किती टिचक्यांना नळी एक अंश फिरते, हे दातेरी चाकांच्या प्रमाणावरून ठरलेले असते.

यातून दोन व्यवहारी नियम निघतात. पहिला: मोजदाद मोटारीची होते, नळीची नव्हे. कुणी नळी हाताने ढकलली आणि ती पकडीतून घसरली, तर संगणकाला त्याचा पत्ता नसतो. तिपाईला धक्का बसला तरी तेच. म्हणून रांगेतल्या मुलांना आधी सांगावे: डोळा जवळ न्या, हात पाठीमागे. नेत्रिकेच्या उंचीचे स्टूल ठेवले, तर लहान मुले आधारासाठी नळीला धरत नाहीत.

दुसरा नियम मोकळ्या चालीचा. जुन्या सायकलचे हँडल थोडे वळवले तरी चाक लगेच वळत नाही. दात्यांमध्येही अशी थोडी फट असते. मोटारीची दिशा उलटली की आधी ती फट भरते, मग नळी हलते. तेवढ्या टिचक्या फुकट मोजल्या जातात. म्हणून जुळणीच्या वेळी तारा मधोमध आणताना शेवटचा सरकाव नेहमी ठरावीक दोनच दिशांनी करायचा असतो. कोणत्या, ते पुस्तिकेत दिलेले असते. ‘वर’ आणि ‘उजवी’ या कळा बऱ्याच ठिकाणी सांगतात. तारा पलीकडे गेला, तर मागे नेऊन पुन्हा त्याच बाजूने आणावा. मध्य नेमका साधायला आणखी एक युक्ती आहे: जास्त मोठे दाखवणारी नेत्रिका लावून तारा जरा अस्पष्ट करावा. तो गोल चकतीसारखा पसरतो आणि क्षेत्राच्या मधोमध बसवणे सोपे जाते.

नेम चुकला तर

हिशेब ध्यानात आला, की चुकीच्या प्रकारावरून कारण ओळखता येते.

पहिल्या ताऱ्याकडे वळतानाच नळी भलतीकडे गेली, तर तारीख, वेळ किंवा गाव तपासा. काही हँडसेट ‘डेलाइट सेव्हिंग’ आहे का, असे विचारतात. उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची ही पद्धत भारतात नाही. चुकून ‘हो’ म्हटले तर एका तासाची, म्हणजे १५ अंशांची चूक होते. अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ५ मार्च आपल्या सवयीने ०५/०३ लिहिली, तर यंत्र ती ३ मे समजते आणि आकाश सुमारे ५८ अंशांनी फिरवते.

तारे बरोबर येतात, पण चंद्र आणि ग्रह येत नाहीत, असे झाले तर? ही सर्वांत बोलकी खूण आहे. दोन सुयांनी चेंडू पक्का बसला, की वेळ चुकली असली तरी ताऱ्यांच्या जागा तत्त्वतः बरोबरच येतात, कारण तारे चेंडूवर चिकटलेले आहेत. चंद्र मात्र ताऱ्यांमधून दिवसाला सुमारे १३ अंश चालतो. तारीख एका दिवसाने चुकली, तरी तो तेवढा दूर राहतो. तेव्हा जुळणीला दोष न देता तारीख पाहा.

आकाशाच्या एका भागात सगळे बरोबर आणि दुसऱ्या भागात चूक, असे असेल तर दोनपैकी एक तारा चुकला आहे किंवा नीट मध्यावर आणलेला नाही. शुक्र किंवा गुरू यांना तारा समजणे हे नेहमीचे कारण. सुरुवातीला ठीक आणि हळूहळू बिघडत गेले, तर नळी घसरली आहे किंवा तिपाई हलली आहे. नळी अडखळू लागली, मध्येच थांबली, तर आधी बॅटरी बदला.

एक गोष्ट मात्र हिशेबापलीकडची आहे. दिवसा ही दुर्बीण आपोआप फिरवू नये. दोन वस्तूंच्या मधल्या वाटेत सूर्य येऊ शकतो आणि नळीला ते कळत नाही. दुर्बिणीतून किंवा शोधक दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहिले, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. दिवसा शोधक दुर्बीण लांबच्या मनोऱ्यावर जुळवायची असेल, तर सूर्याकडे पाठ करूनच.

आता यंत्रालाही डोळा

अलीकडच्या काही दुर्बिणींना छोटा कॅमेराही असतो. तो आकाशाचे छायाचित्र घेतो, त्यातल्या ताऱ्यांचे त्रिकोण-चौकोन यादीतल्या आकृत्यांशी ताडून पाहतो आणि नळी कुठे रोखली आहे ते स्वतःच ठरवतो. वेळ आणि ठिकाण उपग्रहांकडून किंवा मोबाइलवरून येते. जुळणीचे दोन तारे दाखवण्याचे काम मग उरत नाही. संशोधनाच्या दुर्बिणी तर माणसापासून फारच दूर असतात. लडाखमधील हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर असलेली २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालवतात. अशा दुर्बिणींसाठी दोन ताऱ्यांवर भागत नाही. आकाशभर विखुरलेले कितीतरी तारे तपासून नळीची लवचीकता, अक्षांची वाकडी बसणी असे दोष आकड्यांत पकडतात. पण गाभा तोच: कायमचा पत्ता, आत्तापुरता पत्ता, आणि दोहोंची गाठ.

मग कॅमेराच तारे ओळखणार असेल, तर मुलांना ते कशासाठी शिकवायचे, असे कुणी म्हणेल. माझ्या मते शाळेत दुर्बीण असते ती शनी दाखवण्यासाठी, तशीच शनी तिथेच का आहे हे कळण्यासाठीही. कळ दाबून दिसलेला शनी मुलाच्या लेखी चित्रातल्या शनीहून फार वेगळा नसतो. ‘पावणेआठला तो वडाच्या झाडाच्या डावीकडे, चाळीस अंशांवर असेल’ असे स्वतः काढून, तिथेच त्याला पाहणारे मूल मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा अनुभव घेते.

यासाठी खर्च लागत नाही. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्यातून सोडलेला दोरा, दोऱ्याला खडा आणि सरळ कडेला चिकटवलेली शीतपेयाची नळी एवढ्यावर उन्नतांश मोजता येतो. दिगंशासाठी जमिनीवर खडूने मोठे वर्तुळ काढून अंश लिहावेत. चार-चार मुलांचे गट करावेत. एका गटाने सूत्राने जागा काढावी, दुसऱ्याने नळीतून पाहून मोजावी, तिसऱ्याने तासाभराने पुन्हा मोजावी. दोन आकड्यांत एक-दोन अंशांचा फरक येईल. तो का आला, यावर चर्चा होऊ द्यावी. जुळणीचे तारे निवडण्याचे काम दर महिन्याला वेगळ्या मुलांकडे द्यावे.

हे सगळे झाल्यावर हँडसेट त्यांच्या हाती द्यावा. कळ दाबण्याआधी प्रत्येकाने नळी कुठे थांबेल ते बोटाने दाखवायचे, एवढी एकच अट घालावी. मग मोटारींची घरघर सुरू झाली की सगळ्या माना नळीबरोबर वळतील. आपण दाखवलेल्या जागी ती थांबते की नाही, याची धाकधूक लागेल. नाही थांबली, तर चूक कुणाची, आपली की यंत्राची, हे शोधायला ती मुले स्वतःच तारखेपासून सुरुवात करतील.